मुहूर्ताच्या ट्रॉलीचा फोटो

आई, आज दुपारी माझी मुलाखत आहे. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्यांचे रिपोर्ट बनवण्यात वर्षं गेली. आता मला डेटा सायन्सचं खरं काम हवंय, आणि पुण्याच्या एका कंपनीने पहिल्यांदाच स्वतःहून बोलावलंय. अर्ज करून थकले होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, ब्लॉग लिही, तुझं काम लोकांना दिसू दे. म्हणजे आपण काय केलं ते इंटरनेटवर सविस्तर लिहायचं, तेही फुकट, आणि कुणी वाचेल म्हणून वाट बघत बसायचं. तू असतीस तर हसली असतीस. मी नेटाने लिहीत राहिले, वाचत मात्र कुणी नव्हतं. मग मी कांद्यावर लिहिलं.

मार्केट कमिटीचे जुने भाव घेऊन पुढच्या भावाचा अंदाज सांगणारं मॉडेल बनवलं. लेखाच्या सुरुवातीलाच ठोकून दिलं, की मी नामपूरकडच्या कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलगी, हा बाजार मला आतून माहीत आहे. वर आपला तो फोटो लावला. ट्रॉलीला हार, तुझ्या हातात नारळ, आणि माझ्या डोक्यावरून डोळ्यांवर घसरलेला फेटा. हा लेख मात्र भराभर पसरला. कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, दिवाळीनंतर दरवर्षी भाव उसळतो हे तुमच्या मॉडेलने छान पकडलंय, मुलाखतीत त्यावरच बोलू. मी हुरळून गेले.

आज सकाळी गॅसवर चहा ठेवून लेखाखालच्या प्रतिक्रिया वाचत उभी होते. आपल्याच भागातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, तुमनं लिखेल वाचं. चाळमा कांदा पडेल शे, कोंब येवाले लागनात. दिवाळीलोंग थांबू का इकी टाकू?" मी गंमत म्हणून काढलेल्या आलेखावर एक माणूस आपला माल न विकता अडकवून बसला होता. त्याला उत्तर द्यायचं म्हणून आकडे पुन्हा उघडले. दिवाळीनंतरची ती उसळी एकाच दिवसाची होती, दरवर्षी एकाच दिवसाची. लेखाच्या वरच्या त्या फोटोतून तू माझ्याकडे बघत होतीस. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले.

फोटोतला तो दिवस: दिवाळीच्या सुट्टीनंतर मार्केट उघडलंय, लाल कांद्याचा पहिला, मुहूर्ताचा लिलाव आहे. अण्णा गेल्यापासून मार्केटला तूच जातेस, आणि आज आपली ट्रॉली सगळ्यांच्या पुढे लागली आहे. व्यापारी हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो आणि हौसेने बोली चढवत नेतो. बाईमाणसाला फेटा कसा बांधायचा म्हणून सगळे अडतात आणि शेवटी तो माझ्या डोक्यावर येतो. थोड्याच वेळाने आपलीच दुसरी ट्रॉली, त्याच वावरातला कांदा, निम्म्याहून कमी भावाने जाते. तिला हार नाही, तिचा फोटोही नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पहिला भाव सांगत मिरवले. संध्याकाळी भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता, तू म्हणालीस, "तो भाव पूजाना शे, कांदाना नई. सांगानं व्हई तं दुसरी ट्रॉलीनं बी सांग." मी रुसून जेवले नाही. तू ताट झाकून ठेवलंस.

आणि मी, बाजार आतून माहीत असलेली, दर दिवसाचा सगळ्यात चढा भाव उचलून मॉडेलला भरवत बसले! स्वतःचाच इतका राग आला. मुलाखत होऊ दे, उद्या दुरुस्त करू, असंही मनात आलं. पुण्याला कुणाला काय कळणार होतं? पण त्याच्या चाळीत कोंब फुटत होते. आधी त्याला कळवलं, माझं चुकलंय, माझ्या लेखावर विसंबून थांबू नका. मग सरासरी भाव घेऊन सगळं पुन्हा चालवलं. उसळी गेली, मॉडेल अगदी साधं निघालं. लेखाच्या डोक्यावरच चूक लिहिली. फोटो ठेवला, खाली फक्त लिहिलं, ही मुहूर्ताची ट्रॉली, मागची ट्रॉली फोटोत नाही. लेख पुन्हा चढवला. आता मुलाखतीची लिंक यायची वाट बघतेय.

संध्याकाळ झाली, मुलाखतही झाली. बाईंनी माझ्यासमोरच लेख उघडला आणि वरची दुरुस्ती वाचली.

"ही दुरुस्ती आजची आहे? आम्ही बोलावल्यानंतरची?"

"हो."

"मुलाखतीनंतर केली असती तरी चाललं असतं की."

"एक शेतकरी त्या लेखावर थांबला होता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग विचारलं, "चूक कुणी दाखवली?"

"आईने."

"अरे वा! मार्केटला त्या जातात का?"

"हो, त्याच जातात."

कळवतो म्हणाल्या. कळवतील किंवा नाही, आज मला काही सांगता येत नाही. हे पत्र तर कुठेच जायचं नाही, म्हणून तुला सांगते. सगळं खरं सांगून मोकळी झाले, आई, पण तू नाहीस हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.