पंधरापट दुर्बिणीबद्दल

पोडस्काला, मार्चचा पहिला सोमवार

रिहार्डदाजी,

ल्युब्लियानात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने चढणाऱ्या आमच्या एकुलत्या एक दाजींना, गुडघा वाकत नसल्यामुळे, उभ्याउभ्याच नमस्कार. तिल्काची कंबर कशी आहे? तुमचं पोट साफ होतंय ना? दवाखाना बंद केल्यापासून लोकांच्या तोंडात बघायची सवय सुटली, की अजून जेवताना समोरच्याच्या दाढा मोजता? इकडे सगळं ठीक. तुमच्या पावलावहिनीचा दमा थंडीबरोबर ओसरला. मेंढीचं चीज यंदा झकास झालंय, तुमचं दोन किलो बाजूला काढून ठेवलंय (न्यायला या. पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टाचं काय ते पुढे येईलच).

ऑक्टोबरात माझ्या पासष्टीला तुम्ही जी दुर्बीण पाठवलीत, तिचे आभार मानायला मला पाच महिने लागले. कारण आभार मानावेत असं तिच्यात काही सापडेना. पंधरापट! दाजी, पंधरापट दुर्बीण चंद्रावर शिकार करणाऱ्याने घ्यावी. माझ्या बापाने चाळीस वर्षं सातपट दुर्बीण गळ्यात घातली, तिच्यातून जेवढं दिसायचं तेवढंच तो मारायचा, आणि जे दिसायचं नाही त्याची त्याला फिकीर नव्हती. तुमचं धूड दीड किलोच्या आसपास भरतं. गळ्यात घालून चढ चढलं की खाली बघत चालावं लागतं, सासरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारखं. वर तिच्यासोबत तुम्ही तिपाई पाठवलीत. पंधरापट म्हटलं की तिपाई आली, तिपाई म्हटलं की मोठी झोळी आली, मोठी झोळी म्हटलं की ती उचलायला गाढव आलं, आणि ते गाढव मीच. तिपाई मी घरी ठेवली. मी शिकारी आहे, लग्नातला फोटोग्राफर नाही. पावला तिच्यावर सॉसेज वाळत घालते, आणि त्या कामाला ती उत्तम आहे.

आता घडलं काय ते सांगतो. आधी तुमच्यासाठी चार शब्द, कारण तुम्ही शहरातली माणसं गॅम्सला खुशाल बकरी म्हणता. गॅम्स ही कड्यावरची रानशेळी. आमच्या शिकारी मंडळात ती मारायची पाळी एकेका सभासदाला चार वर्षांतून एकदा येते, आणि पाळी आली तरी मनाला येईल ती मारता येत नाही. कागदावर लिहून मिळतं. यंदा मला लिहून मिळालं: मादी, वय दहाच्या वर, भाकड. म्हणजे पाठीमागे करडू नसलेली. करडू असलेली आई मारली तर त्याहून मोठं पाप आमच्यात नाही. दर मार्चमध्ये गावच्या सोकोल व्यायामशाळेच्या सभागृहात वर्षभरातली सगळी शिंगं भिंतीवर लावतात, आणि ज्याने चुकीचं जनावर मारलं त्याच्या शिंगांवर लाल टिकली चिकटवतात. बारक्या पोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळं गाव ती टिकली बघून जातं. ती चिकटवणारा माणूस गेली बावीस वर्षं मी आहे. शिंगतपासणी समितीचा अध्यक्ष उर्बान रुतार. माझ्या स्वतःच्या शिंगांवर आजपर्यंत एकही टिकली नाही, आणि ती लागण्यापेक्षा मला दोन्ही गुडघे गेलेले परवडतील.

मागच्या वर्षी मी ब्रीनाला टिकली लावली. ब्रीना म्हणजे आमची पोस्टवाली, पिवळ्या स्कूटरवरून पत्रं वाटते, पस्तिशीची असेल. तिने सात वर्षांची मादी दहाची समजून मारली. (सात आणि दहा यांत फरक काय, असं तुम्ही विचाराल. सात नंबरची दाढ आणि दहा नंबरची दाढ यांत फरक काय, असं मी विचारलं तर?) भर सभागृहात मी तिला चार शब्द सुनावले. तिची दुर्बीण हातात घेऊन लोकांना दाखवली: आठपट, एवढीशी, मुठीत मावणारी. म्हणालो, ज्याला दिसत नाही त्याने मोठी काच घ्यावी. लोक हसले. ब्रीनाने दुर्बीण परत घेतली आणि रुमालाने पुसली. मला वाटलं, शिकली.

आणि नोव्हेंबरात चिठ्ठ्या टाकल्या तर माझ्या सोबतीला आली कोण, तीच. एकट्याने जायचं नाही हा मंडळाचा नियम. मी वाटेत तिला म्हटलं, आज बघ, बघणं कशाला म्हणतात. ती म्हणाली, बघते की काका. झोळी तिनेच उचलली होती, त्यामुळे जास्त बोलायला दम नसावा.

दहाच्या सुमाराला समोरच्या कड्यावर, घळीच्या पलीकडे, एक मादी उभी दिसली. एकटी. मी आडवा झालो आणि तुमचा तोफखाना डोळ्याला लावला. दाजी, मी बावीस वर्षं समितीत आहे, पण असलं काही पाहिलं नव्हतं. शिंग! फक्त शिंग. काचभर शिंग. तेही असं थरथरत होतं की जनावराला हिवताप झालाय असं वाटावं. नंतर लक्षात आलं की थरथरतोय मी. माझ्या हातांचा कंप पंधरापट, श्वास पंधरापट, काळजाचा ठोकासुद्धा पंधरापट. शिंगावरची वर्षांची वळी मोजायला घेतली. पहिल्यांदा अकरा भरली. दुसऱ्यांदा नऊ. तिसऱ्यांदा चौदा. अकरा मला पटली, म्हणून अकरा धरली.

मग प्रश्न आला, ही मादीच आहे का? गॅम्समध्ये नराला आणि मादीला दोघांनाही शिंगं असतात, तेव्हा खात्री करायची तर जनावर लघवीला कधी बसतं याची वाट बघायची. मादी बसते, नर उभा राहतो. (हे तिल्काला वाचून दाखवू नका.) दाजी, एवढा शिकलेला माणूस तुम्ही, तुमच्या आयुष्यात कुणाच्या लघवीची पाऊण तास वाट पाहिलीत काय? मी पाहिली. गवत ओलं, पोटाखाली दगड, डोळ्याला काच. आणि ती वेळ आली तेव्हा तुमच्या दुर्बिणीत शिंगाऐवजी कडा, कड्याऐवजी आभाळ आणि आभाळानंतर माझाच बूट आला. ब्रीना शेजारून हळूच म्हणाली, बसली काका, मादीच आहे. तिने आठपटीतून पाहिलं होतं. त्यात काय मोठं, मला डोळ्यांनीच कळलं असतं.

मी बंदूक खांद्याला लावली. ब्रीना म्हणाली, "काका, एक मिनिट थांबा."

मी म्हटलं, "मोठी काच कुणाकडे आहे, तुझ्याकडे की माझ्याकडे?"

ती म्हणाली, काच तुमच्याकडेच आहे, पण जरा खाली बघा. मी बघितलं नाही. खाली बघायला सांगणाऱ्याचं ऐकलं तर माणूस डोंगर कधीच चढत नाही. मी श्वास धरला, बोट घोड्यावर ठेवलं, आणि ब्रीना खोकली. साधं खोकणं नव्हे. घळीच्या दोन्ही बाजूंनी तीनदा परत ऐकू आलं. मादी उडाली आणि कड्यामागे गडप झाली. चार वर्षांची पाळी गेली, हंगाम संपला, आणि अकरा वर्षांची, भाकड, एकटी मादी (हे मी मुद्दाम तीनही शब्द लिहितो) जिवंत राहिली.

शिकारीत आवाज करणाऱ्याने सगळ्यांना बिअरचा खोका द्यायचा ही आमची जुनी रीत. ब्रीनाने त्याच संध्याकाळी तो आणला, खोकल्याचं कारण कुणी विचारलं तर म्हणाली, घसा. मंडळ एवढ्यावर थांबायला तयार नाही. आधीची टिकली आणि आता हे, म्हणून तिची पुढची पाळी, म्हणजे पुढची चार वर्षं, कापायची असा ठराव शनिवारी शिंगं लावायच्या दिवशी यायचा आहे. त्यासाठी माझी लेखी तक्रार लागते. ती मी अजून लिहिलेली नाही, वेळ मिळत नाही.

तर दाजी, या सगळ्याचं मूळ तुमची दुर्बीण. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण तिसऱ्या मजल्यावरून रानशेळ्या हाकणारे तुम्ही पहिलेच. दाताच्या भोकात काय दिसतं ते तुम्हाला कळतं, डोंगरात काय दिसतं ते कळत नाही, आणि माणसाने आपल्याला कळतं तेवढ्यावरच भेट द्यावी. तुम्ही मला दात दिला असता तरी चाललं असतं.

तिल्काला आशीर्वाद. तिची कंबर दुखत असेल तर मेंढीची चरबी चोळ म्हणावं. ती चोळणार नाही हे मला माहीत आहे.

तुमचा,
उर्बान

ता. क. (बुधवार): पत्र अजून खिशातच आहे. पोडस्कालात पत्र द्यायचं ते ब्रीनाच्या हातात, आणि ब्रीनाची निंदा ब्रीनाच्याच हाती सोपवणं मला जमेना. दोन दिवस ती दारात थांबून विचारते, काका, काही टाकायचंय? मी म्हणतो, नाही. दरम्यान पावलाने पत्र वाचलं आणि चुलीपाशी बसून इतकी हसली की दमा परत आला. म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. तिच्या हट्टापायी एक बाब नोंदवतो. तुम्ही सप्टेंबरात फोन करून विचारलं होतंत, आठपट घेऊ की दहापट, दुकानदार आठच म्हणतोय, हातात धरायला तीच बरी. त्यावर मी म्हणालो होतो, आठपटीने गाई राखतात, आणि मंडळातल्या त्या श्तेफानकडे बारापट आहे, तेव्हा पंधराच्या खाली काही आणू नका. हे बोलणं झालं असावं. मला नीट आठवत नाही, पावलाला शब्दन्‌शब्द आठवतं.

ता. क. (गुरुवार): आता खरं काम. तुम्ही कसेही असलात तरी डॉक्टर आहात. कृपा करून मंडळाच्या नावे एक दाखला पाठवा, की नोव्हेंबरात ब्रीनाला जुनाट खोकला होता आणि तो आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. दातांच्या डॉक्टरने खोकल्याचा दाखला द्यावा का, असं विचाराल. हिरडीतून उतरला असं लिहा. कारण विचारणार असाल तर सांगतो, पण जाळून टाका. मादी उडाली तेव्हा मी दुर्बिणीवरून डोळा काढला होता, नुसत्या डोळ्यांनी बघत होतो. तिच्यामागे खुरट्या पाइनच्या आडून एक करडू निघालं आणि तिच्या पोटाला चिकटून पळालं. पाऊण तास ते तिथे दहा पावलांवर बसलेलं होतं. माझ्या काचेत शिंगाशिवाय कशाला जागाच नव्हती. ब्रीनाच्या एवढ्याशा काचेत सगळी घळ मावत होती. नंतर तिने झोळी उचलली आणि उताराला लागली. आणि त्या संध्याकाळी, दाजी, तिच्या खोक्यातल्या दोन बाटल्या मी प्यालो. मला माझीच लाज वाटते. हे मी पावलालाही सांगितलेलं नाही.

ता. क. (रविवार): दाखला नको. काल सोकोलच्या सभागृहात एकतीस जोड शिंगं होती. बत्तिसाव्या खिळ्याला मी तुमची दुर्बीण टांगली आणि खाली चिठ्ठी लावली: उर्बान रुतार, वय पासष्ट, पंधरापट, करडू दिसलं नाही. मग खिशातून लाल टिकली काढून दोन्ही काचांच्या मधोमध चिकटवली. पहिला हसला तो श्तेफान. हसू दे. मागे मी ब्रीनाची काच हातात धरून जे बोललो होतो तेही परत घेतलं, त्याच जागी उभं राहून. ठराव बारगळला, ब्रीनाची पाळी राहिली, आणि अध्यक्षपद मी सोडलं. घरी आलो तेव्हा पावलाने बटाटा आणि यंदाचं चीज घालून परतलेली फ्रिका जरा जास्त वाढली.

तुमची दुर्बीण चांगली आहे, उगीच बोललो. पुढच्या खेपेला येताना मात्र आठपट आणा, लहान, मुठीत मावणारी. मी काही म्हणालो तर फोन ठेवून द्या. पत्र आता ब्रीनाच्या हातात उघडंच देतोय. इतके कागद झाले की पाकीट चिकटत नाही, आणि वाच म्हणून मीच सांगितलंय.

रिहार्डदादा, पाकिटाला मी माझी चिकटपट्टी लावली आहे. वाचलं सगळं. काका काल उभे होते तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मी तिथे एक गोष्ट सांगितली नाही, आणि तुम्हीही त्यांना ती कधी सांगू नका. करडं दोन होती. — ब्रीना