आधी सही की आधी दुरुस्ती

मी, सायलस ट्विचेल, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा लाकडी पिंपे करण्याचा, राहणार नॉर्थ अ‍ॅशबर्न, मॅसॅच्युसेट्स, माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते राजीखुशीने लिहून ठेवतो. पाय सुजले आहेत. डोके ठिकाणावर आहे. ते तेवीस वर्षांपूर्वीच फिरले असे गावाचे मत आहे. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये.

१. घर, कामाची पडवी, लाकूड तासायचा वाकस आणि सगळे रंधे मुलगी मेहिटबेल हिला. जावयाने रंध्याला हात लावू नये. त्याने केलेल्या पिंपातली सफरचंदाची दारू गिऱ्हाइकाआधी रस्ताच पितो.

२. सन १७८८ मध्ये मी बोस्टनहून परतलो तेव्हा गावाने माझा पेंढ्याचा पुतळा जाळला. त्याला घातलेली विजार माझीच होती, वाळत घातलेली पळवलेली. तिच्यावरचा माझा हक्क मी गावसभेच्या लाभात कायमचा सोडतो.

३. खुलासा असा. देशाची नवी राज्यघटना मान्य करायची की नाही, हे ठरवायला गावोगावची माणसे बोस्टनला जमायची होती. घटना नकोच असलेल्या आमच्या गावाने मला निवडले. शेजारी इकाबॉड रग, माझा जिवाभावाचा मित्र, याने आपला घोडा दिला आणि बजावले, "सायलस, तिथं फक्त 'नाही' म्हणायचं. वकिलांच्या नादी लागलास तर बघ!"

त्याचा भाऊ आदल्या वर्षीच्या शेतकऱ्यांच्या बंडापायी तुरुंगात गेला होता. दूरच्या सरकारची त्याची धास्ती खोटी नव्हती. माणसाच्या हक्कांची यादीच त्या घटनेत नव्हती. चार आठवडे मी, सभा भरली त्या चर्चच्या बाकावर, भाषणे ऐकत बूड झिजवले. शेवटी तोडगा निघाला: आधी मान्यता द्यायची, दुरुस्त्या मागाहून. पुन्हा बंड नको, पुन्हा रक्त नको, म्हणून मी 'हो' म्हणालो. एकोणीस मतांनी घटना तरली.

इकाबॉड गावाबाहेर रस्त्यातच उभा होता. "घोड्यावरून उतर," एवढेच म्हणाला. तेव्हापासून अबोला. पुढे हक्कांच्या दहा दुरुस्त्या खरोखरच आल्या. तो छापील कागद मी त्याच्या दाराला अडकवला, तर त्याने त्यात लोणी गुंडाळून बाजारात नेले.

४. इकाबॉडला मी काहीही देत नाही. आज तिसरा साक्षीदार मिळेना म्हणून मेहिटबेलने त्यालाच बोलावून आणले, आणि साक्षीदाराला वाटा देता येत नाही.

त्याने टोपी न काढता वरचे सगळे वाचले.

"खांदा कोण देणार, ते लिहिलं नाहीस."

"तू सही कर. ते मागाहून घालतो."

"ह्याच थापेला तू बोस्टनात भुललास! इथं आधी दुरुस्ती, मग सही."

"अरे, पण आल्या ना दुरुस्त्या?"

"आल्या," तो म्हणाला. "लोणी गुंडाळायच्या आधी वाचल्या मी." मग टोपी सारखी करत, "बऱ्या होत्या."

मी लेखणी शाईऐवजी पाण्याच्या पेल्यात बुडवली. पाय सुजल्यामुळे असेल.

दुरुस्ती पहिली: माझ्या शवपेटीला डोक्याकडून इकाबॉड रग खांदा देईल. ती बाजू त्याने स्वतः मागून घेतली. हलकी भरेल म्हणतो.

नॉर्थ अ‍ॅशबर्न, ९ फेब्रुवारी १८११.

सही: सायलस ट्विचेल

समक्ष सह्या करणारे:
प्रुडन्स हॅच, विधवा
एलनेथन कोल, नालबंद
इकाबॉड रग, मजकूर अमान्य, दुरुस्ती मान्य