समुद्रिका साडीवरची शिडी

प्रताप नगर, नागपूर
१७ फेब्रुवारी १९८०

चि. नीला,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. मुंबईत पंखे सुरू झाले म्हणतेस, इथे सकाळी अजून स्वेटर लागतो. कुहीहून यंदाचा तांदूळ आला, चांगला आहे. कोणी येणारं-जाणारं भेटलं तर तुला पाठवते. तुझ्या भाऊजींचा खोकला कमी आहे. रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणं मात्र कमी नाही.

वरच्या खोलीतली फोलाके अभ्यासात बुडाली आहे. उन्हाळ्यात तिची एम.एस्सी.ची परीक्षा. आता ती माझ्याशी चक्क आपल्या बोलीत बोलते. परवा दूधवाल्याला म्हणाली, "काहून गा, आज पाणी जास्त टाकलं?" तो बिचारा सायकल सोडून बघत राहिला. नायजेरियाची मुलगी, आणि नागपूरचं भांडण करते.

बरं, एक विचारायचं होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या इंदूबाईंबरोबर सीताबर्डीला गेले होते, त्यांच्या मुलीच्या लग्नाची खरेदी. ताराचंद शेठनी एक साडी उलगडली. गडद निळी, तिच्यावर पांढऱ्या रेषांचे चौकोन, एकेका चौकोनात मासे, पक्षी, लाटा. "समुद्रिका" नाव. शेठ म्हणाले, मुंबईचा नवीन माल आहे, पुन्हा येईल याची गॅरंटी नाही. मी पदर हातात घेतला आणि घेतलेलाच राहिला.

नीला, ते फोलाकेच्या आईचं कापड आहे.

तू दिवाळीत आली होतीस तेव्हा ते पाहिलं असशील. फोलाके कमरेला गुंडाळते ते. तिची आई आदुन्नीबाई आपल्या हातानं ते काढते. कंदाची खळ शिजवून ती कोंबडीच्या पिसानं कापडावर रेघायची, मग कापड निळीत बुडवायचं. खळ धुतली की रेघा पांढऱ्या उरतात. फोलाके इकडे निघाली तेव्हा आईनं ते तिच्या अंगावर घातलं होतं.

साडीच्या घडीवर तुमच्या कंपनीची चिठ्ठी होती. तू तिथल्या डिझाइनच्या खात्यातच आहेस, म्हणून म्हटलं तुला माहीत असेल. कोणी काढलं ते? सहज विचारून कळव. फोलाकेला मी अजून काही सांगितलेलं नाही. साडीवर आणखीही एक गोष्ट दिसली, पण ती तुझं उत्तर आल्यावर लिहीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


प्रताप नगर
९ मार्च १९८०

चि. नीला,

तुझं उत्तर मिळालं. नेहमी तू चार पानं लिहितेस, या वेळी एक.

तू लिहितेस की ते डिझाइन कंपनीला परदेशी पुस्तकातून मिळालं असेल, असली चित्रं तिकडे घरोघर असतात. तू लिहितेस की फोलाकेचं कापड तू नीट पाहिलंच नाहीस, दोरीवर वाळत होतं तेव्हा लांबून निळं काहीतरी दिसलं. आणि शेवटी लिहितेस, "धोब्याला विचारून बघ, ही माणसं काहीही करतात."

धोब्याला विचारलं. खरं सांगते, माझाही संशय आधी त्याच्यावरच गेला होता. तुझ्यावर जायच्या ऐवजी तो कुठेही जायला तयार होता. पण ते कापड धोब्याकडे कधी गेलंच नाही. फोलाके ते स्वतः धुते, कोणाला हात लावू देत नाही.

आता ती दुसरी गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास ते कापड फाटकाच्या तारेत अडकून फाटलं. फोलाकेचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, आण इकडे, रफू करून देते. घरात निळा दोरा नव्हता, म्हणून पांढरा घेतला. रफू तिरकी झाली, लहानशा कललेल्या शिडीसारखी. एका माशाच्या पोटावर. आम्ही दोघी हसलो होतो, की आदुन्नीबाईंच्या माशाला आता शिडी चढता येईल.

ती शिडी साडीवर छापली आहे. प्रत्येक माशाच्या पोटावर. ताराचंद शेठ कौतुकानं दाखवत होते, बघा किती बारीक काम.

कोणत्या परदेशी पुस्तकात माझी रफू आहे, ते मला कळव.

एवढं मी तुला गेल्या पत्रातच लिहू शकले असते. लिहिलं नाही, कारण तू काय सांगतेस ते मला पाहायचं होतं. सख्ख्या बहिणीला असा सापळा लावावा लागला याची लाज वाटते. पण तू त्यात पाय ठेवलास.

इकडचं सांगते. फोलाकेला मी सांगण्याआधीच कळलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुठल्याशा प्राध्यापकांच्या बायकोनं समुद्रिका नेसली होती. फोलाके घरी आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते. वरच्या खोलीत उंदीर आहेत म्हणून ते कापड ती माझ्या कपाटात ठेवायची आणि किल्ली माझ्या कमरेला, हे तुला ठाऊकच आहे. ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, हे तू देलं काय?"

मी म्हटलं, "नाही वं बाई."

ती म्हणाली, "किल्ली तुह्याजवळ. शिडी तुह्या हातची. मंग कोणं देलं?"

मला तेव्हा उत्तर माहीत होतं, किंवा जवळजवळ माहीत होतं. आणि मी तवा बघत राहिले. त्या गप्प राहण्यावरून तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. तिच्या जागी मी असते तरी तेच समजले असते.

मग तिनं मला एक सांगितलं, जे आधी कधी बोलली नव्हती. त्यांच्या गावाच्या बाजारातही गिरणीचं छापील कापड येतं, त्यावर त्यांच्याच बायकांची चित्रं. गिऱ्हाईक आदुन्नीबाईंना विचारतं, तेच चित्र तिकडे स्वस्त मिळतं, तुझं काहून महाग? तिच्या आईच्या ओळीत बसणाऱ्या कितीतरी बायकांनी निळीचे रांजण पालथे घातले. फोलाके म्हणाली, तिकडे चोर कोण ते कळत नाही, म्हणून रागही कोणावर धरता येत नाही. इथे ती ज्या घरात जेवते तिथेच सापडला, असं तिला वाटलं.

दोन दिवसांत तिनं खोली सोडली. नंदनवन वस्तीत मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना कापड घडी करून छातीशी धरलं होतं आणि माझ्यासमोर एकदा उलगडून पाहिलं, सगळं जागेवर आहे ना म्हणून. नीला, माझ्या घरात आजवर कोणी असं मोजून-मापून वस्तू घेऊन गेलं नव्हतं.

इंदूबाई म्हणतात, बरं झालं गेली, परक्या लोकांचा काय भरवसा. त्यांनीच मला ते बायकांचं मासिक आणून दिलं, तुझा फोटो आहे म्हणून कौतुकानं. तू सांगितलं आहेस की समुद्रिकेची कल्पना तुला एका संध्याकाळी चौपाटीवर लाटा बघताना सुचली. फोटो छान आला आहे. बाबा असते तर चौकटीत लावला असता.

रात्री जेवताना मी तुझ्या भाऊजींना सरळ विचारलं. त्यांच्यावरही संशय घेतला, हो. आधी म्हणाले मला काय माहीत. मग ताटावरून उठलेच नाहीत. शेवटी सांगितलं. भाऊबीजेच्या दुपारी मी इंदूबाईंबरोबर बाहेर गेले होते, फोलाके लायब्ररीत होती. तू त्यांच्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं कपाट उघडायला लावलंस आणि कापड गच्चीवर पसरून त्यांच्याकडून फोटो काढून घेतलेस, एकेका चौकोनाचे जवळून. म्हणालीस, "भाऊजी, ताईले सांगू नका. तिच्यासाठी असंच कापड बनवून पाठवतो." त्यांना वाटलं, बहिणीची माया.

आता तू लिही. लांबून दिसलं होतं की जवळून?

ताई


प्रताप नगर
२० एप्रिल १९८०

नीला,

पत्राचं उत्तर आलं नाही, पार्सल आलं. दोन समुद्रिका साड्या. सोबतच्या चिठ्ठीत लिहितेस, "एक तुझ्यासाठी, एक फोलाकेसाठी. तिला म्हणावं आईची आठवण म्हणून नेस. आणि ताई, हे घरातच राहू दे, माझी नोकरी नवीन आहे."

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. तुला खरंच वाटतं की ती ते नेसेल? दोन्ही साड्या याच पत्राबरोबर परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही.

तुझी बाजू मी मनात खूप मांडून पाहिली. तू म्हणशील, सगळेच कुठून तरी घेतात. खरं आहे, मीही स्वेटरचा नमुना शेजारणीचा बघून विणते. पण विचारून विणते, आणि कोणी कौतुक केलं तर नाव सांगते. तू चौपाटीचं नाव सांगितलंस. त्या बाईचं नाव सांगायला तुझं काय गेलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी नंदनवनात गेले. एकटीच. फोलाकेनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. उंबऱ्यावरच उभी राहून मी सांगितलं, "माझ्या बहिणीनं केलं. फोटो माझ्या नवऱ्यानं काढले. त्या दिवशी तू विचारलं तवा मले माहीत होतं आणि मी बोलली नाही."

तिनं दाराची कडी सोडली नाही. मग म्हणाली, "आता काहून बोलून राहिली? आणखी काही पाहिजे काय?"

मला राग आला नाही. तिचा संशय खराच होता, फक्त दोघींतल्या भलत्याच बहिणीवर गेला होता. मी म्हटलं, मला काही नको, तुला काय पाहिजे ते सांग. तेव्हा तिनं आत घेतलं. तिला पैसे नको आहेत. तिला आईचं नाव हवं आहे, जिथे तुझं छापलं तिथे. आदुन्नी, अबेओकुटा गावची. बस.

तिनं तुमच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर तिनं मला दाखवलं. सदर डिझाइन आमच्या कलाकार कुमारी नीला यांची स्वतंत्र निर्मिती आहे, आणि खाली तुझं टाइप केलेलं निवेदन, सहीसकट. सहीतलं ते अक्षर मी ओळखणार नाही का? पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतलं.

तोपर्यंत मला वाटत होतं की तू घाबरली आहेस. घाबरलेल्या माणसाला मी पाठीशी घातलं असतं, खोटं बोलत नाही. पण तू शांतपणे बसून लिहून दिलंस, की फोलाके खोटारडी आहे.

त्याच संध्याकाळी भाऊजींना म्हटलं, त्या फोटोंच्या निगेटिव्ह काढा. ते म्हणाले, "सख्खी बहीण आहे वं तुही. लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोक फोलाकेला म्हणतच आहेत. मग त्यांनी उठून पेटी उघडली. दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन आणले. त्यातल्या एकात पसरलेल्या कापडाच्या टोकाशी तुझा पाय आला आहे, पैंजणासकट.

मासिकाच्या संपादकांना फोलाकेनं पत्र लिहिलं. त्याला मी माझं निवेदन जोडलं, फोटो जोडले. रफू माझ्या हातची, कापड तिच्या आईचं, कपाट माझं, आणि ते उघडायला लावणारी माझी धाकटी बहीण. फोलाकेनं माझा कागद हातात घेऊन सावकाश वाचला. एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. तेवढ्या वेळात तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग पाकिटात घातला.

संपादकांचं उत्तर परवा आलं. पुढच्या अंकात पत्र छापणार आहेत, एका फोटोसह, आदुन्नीबाईंच्या नावासह. फोलाकेनं ते आईला कळवलं आहे. माझ्याकडे राहायला मात्र ती परत आलेली नाही. परीक्षा झाली की मायदेशी जाणार. मी डबा पाठवते, डबा धुऊन परत येतो. त्यापेक्षा जास्त मी मागत नाही.

तुला हे आधी कळवते आहे, कारण अंक निघायला अजून वेळ आहे. तू आपण होऊन कंपनीत सांगितलंस, तर संपादकांना तेही लिहीन आणि लोक वाचतील की नीलानं स्वतः कबूल केलं. नाही सांगितलंस तर जे आहे ते छापलं जाईल. नोकरी गेली तर इकडे ये. वरची खोली रिकामी आहे. या घरात तुला कोणी टोचून बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. पण कपाटाची किल्ली मी देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

गेलं पत्र मी आशीर्वाद न लिहिता बंद केलं, आज तसं करत नाही, तुला आशीर्वाद. मात्र खाली पूर्ण नाव लिहिते, कारण संपादकांकडच्या कागदावर हीच सही आहे आणि ती दोन्हीकडे एकच असलेली बरी.

उत्तरा गिरिधर भोयर