दांडगा शेवटी सोडायचा

सेंगा बे, जिल्हा सलीमा
१९ ऑगस्ट २०१२

चि. वायसन यास आजीचे आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे सोडले तर इकडेही बरे आहे. म्वेरा वारा आठ दिवस झाले थांबत नाही. होड्या वाळूवर पालथ्या पडल्यात, आणि उसिपा वाळत घातला की अर्धी मासळी उडून शेजारणीच्या अंगणात जाते. ती म्हणते, देवाने दिली.

बाकी तुझ्या विसराळूपणाला मानलं हो. पत्राच्या डोक्यावरच लिहितोस आणि खाली दोन रेघा मारतोस, 'आजी, हे एकटीच वाच, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.' अरे नवरोबा, कागद उलटा धरलाय की सुलटा हे तुझ्या आजीला कळत नाही, आणि एकटीने वाचू काय? नातू म्हणजे आजीचा नवरा, अशी आपली थट्टा. पण आपल्या बायकोला अक्षर येत नाही एवढं तरी नवऱ्याने तीन वर्षं लक्षात ठेवावं! एकटीने मी ते पत्र हुंगलं. काचा पक्क्या बसवायच्या पुट्टीचा वास आला. बाकी काही कळेना. म्हणून मग अंगणात बसून भर दुपारी मोठ्याने वाचून घेतलं. कोणाकोणाच्या कानावर गेलं ते पुढे सांगते. जिने वाचून दाखवलं तीच हे लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तीन पानं माशांची. आणि अगदी तळाला एक ओळ: 'आजी, मी घरी येऊ का?'

माशांचं आधी सांगते. येण्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

पेटी तू स्वतः बनवलीस, चार फुटी, दहा बादल्या पाणी मावतं आणि गळत नाही, हे चांगलं. राजधानीत खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याला तेवढं यायलाच हवं. पण आत काय भरलंस! दोन निळे झेब्रा मासे, चार सोनपट्टे, मोकळ्या पाण्यात हिंडणारे दोन उताका, आणि एक चांबो. चांबो! नवरोबा, चांबो ताटात ठेवायचा असतो, टोमॅटो घालून. आणि वर मला विचारतोस, कोण कोणाला मारतंय ते समजत नाही.

एकतीस वर्षं मी मासे परदेशी विकणाऱ्या साहेबाच्या टाक्यांवर मासे निवडले, तांदूळ निवडावेत तसे. परदेशी जायच्या आधी कोण कोणाजवळ राहील ते मी ठरवायचे. ऐक. सोनपट्टा लहानपणी सोन्यासारखा, अंगावर पट्टे ओढलेले, बघणारा भुलतो. त्यातला नर जाणता झाला की काळा पडतो. काळा पडला की त्याला पेटीत दुसरा कोणी खपत नाही. तू लिहितोस, उताक्याची शेपटी रोज थोडी कमी दिसते, कुजते आहे काय? कुजत नाही रे. खाल्ली जाते आहे. आधी शेपटी, मग पंख, मग डोळा. डोळा गेला की मासा वरच्या कोपऱ्यात जाऊन नुसता तोंड उघडत राहतो, आणि तिथेही त्याला सोडत नाहीत, पोट फाडतात. एकदा एका नव्या बाईने एकाच निळ्या रंगाचे दोन नर एका टाकीत टाकले आणि घरी गेली. सकाळी एक मासा होता, आणि एक डोकं होतं.

तेव्हा सोनपट्टे काढ. सगळे. नावडत्या माणसाला भेट दे. उताका मोठी टाकी असेल त्याला देऊन टाक, गरीब जात आहे, दगडातल्या माशांत तिचा निभाव नाही. निळा नर एकच ठेव, त्याला चार माद्या. लिंबासारखे पिवळे सहा-सात घाल, ते त्यातल्या त्यात शांत. एका रंगाचे दोन नर कधी नाही. तळाला दोन कोलोकोलो ठेव, ते ठिपक्यांचे, मिशीवाले, हातात धरले की कुरकुरतात ते. त्यांच्या अंगाला काटे आहेत, त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. आणि पेटी भरलेली ठेव. सहा मासे असले की एकच मार खातो आणि मरतो. वीस असले की मार वाटला जातो. पाणी मात्र दर आठवड्याला तीन बादल्या बदलायचं, त्यात आळस नको. न्सिमाचे, मक्याच्या उकडीचे गोळे आणि बकऱ्याचं काळीज टाकणं बंद कर. ही शेवाळ खाणारी जात, मांसाने पोट फुगून मरते.

आता मुख्य गोष्ट. हे मासे खाण्यावरून भांडत नाहीत, दगडावरून भांडतात. ज्याने दगडाची कपार धरली तो मालक. म्हणून नवा मासा सोडायच्या आधी सगळे दगड बाहेर काढायचे आणि वेगळ्या जागी रचायचे. मग कोणाचंच काही राहत नाही, सगळेच बावचळतात. जो दांडगा असेल त्याला आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचा. बाकीच्यांनी जागा धरल्या, की त्याला सगळ्यात शेवटी सोडायचा. तेव्हा तोच पाहुणा असतो.

हे मला ठाऊक होतं, वायसन. एकतीस वर्षं ठाऊक होतं. आणि स्वतःच्या घरात मी काय केलं?

(लिहिणारी म्हणते, आजी, आज एवढं पुरे, चहा टाकते. चहा नको. लिही.)

तुमची आई गेल्यापासून तुम्हा तिघांना मी वाढवलं. घरात मालक तुमचा मामा. आपल्यात मामाच्या मागे त्याच्या जागी मुलगा नाही, भाच्यांतला एक बसतो. बहिणींची, त्यांच्या पोरांची भांडणं त्यानेच मिटवायची, त्याच घरात त्यानेच राहायचं. दगड एकच. भाचे दोन, तू आणि मासौको, एका आईचे, एका रंगाचे.

मामा आजारी पडला तेव्हा दिसतच होतं की हा आता उठत नाही. तू डेझाहून बटाटे आणायचास, शेजारी बसायचास. मी म्हणायचे, नवरोबा, मामाची जागा तुझीच. तीन दिवसांनी मासौको ताजा चांबो घेऊन यायचा, पाय चेपायचा. त्यालाही मी तेच म्हणायचे. सबंध पावसाळा दोघांच्या हातचं खाल्लं. अंगाने भरले मी. म्हातारीची थट्टा आहे, कोण मनावर घेतं, असं लोकांना सांगायचे. खोटं. मला खायला हवं होतं, आणि कोणीतरी येऊन शेजारी बसायला हवं होतं.

मग मामा, माझा मुलगा, गेला. प्रेत घरात, बाया रडतायत, आणि मुखियाच्या माणसाने विचारलं, "जागेवर कोण?" तुम्ही दोघं एकदम उठलात.

"आजीने मला शब्द दिलाय."

"तुला? तोंड बघ आरशात. मला दिलाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापड तोंडावर ओढलं आणि हंबरडा फोडला. मुलासाठी रडते आहे असं सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं असेल.

मासौकोने वल्ह्याने तुझी बरगडी मोडली. तू छपराला खोचलेला कोयता उपसलास. घाव त्याच्यावर घातलास, मध्ये एक हात आला. ते बघून तू पळालास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते सांगते. बोटं चार. वाळूत पडली होती. एक कोंबडी धावली, तिला मी लाथ मारली. मग वाकून एकेक वेचली, निवडायची सवयच हाताला. कापडाच्या टोकाला बांधून दवाखान्यात नेली. ते म्हणाले, आजी, ही आता लागत नाहीत. मामाला मूठमाती दिली तेव्हा त्याच्या पायाशी पुरली. माझ्या मुलाबरोबर माझ्या नातीची चार बोटं त्या मातीत आहेत.

तुझ्या तीन पानांत एस्नातचं नाव नाही. मी पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "बघ गं नीट, मागच्या बाजूला असेल." ती म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे, आजी."

हो. तीच. माशांच्या शेपट्यांबद्दलची तुझी तीन पानं तुझ्या बहिणीने मला वाचून दाखवली, आणि हे तीच लिहिते आहे, डाव्या हाताने. उजव्याने लिहायची तेव्हा चर्चमधल्या सगळ्या याद्या तिच्याच अक्षरात असायच्या.

ती वाचत होती तेव्हा मासौको कुडापलीकडे जाळं शिवत होता. तीन वर्षं मामाच्या घरात तोच. आणि काळा पडला होता तो, वायसन. जूनमध्ये एका मासळीवाल्याने सहज तुझं नाव काढलं, तर याने त्याचा जबडा मोडला. तुझं पत्र ऐकलं त्याच संध्याकाळी दगडावर कोयता घासल्याचा आवाज सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही तेच.

"काय रे, ऊस तोडायचाय का?" मी विचारलं.

"एकच आहे, आजी. राजधानीहून यायचाय."

तुला उत्तर पाठवायला उशीर झाला तो याचमुळे. आधी दगड हलवायचे होते.

आपल्या घरातल्या अकरा बाया बोलावल्या. कुदळी, मुसळं, जे हाताला लागेल ते घेऊन या म्हटलं. मी खुर्ची टाकून मामाच्या घरासमोर बसले आणि म्हटलं, पाडा. मागची भिंत गेली, छप्पर खचलं, तोवर मासौको तळ्यावरून धावत आला. हातात तोच कोयता.

"म्हातारे, माझं घर आहे ते!"

"कोणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस!"

"खोटं बोलले," मी म्हटलं. "तुझ्याशी पण, त्याच्याशी पण. चांबो चांगला होता."

त्याने कोयता उगारला, माझ्यावर. तीन वर्षांनी का होईना, बरोबर जागी आला, असंच माझ्या मनात आलं. तो थांबेल असं मला वाटलं नव्हतं. थांबणार नव्हताच. एस्नात मध्ये आली. पुन्हा. उजवा हात पुढे केला, तो बोटं नसलेला, आणि म्हणाली, "घे. यात आता कापण्यासारखं काय उरलंय ते काप."

घाव वळला तो दाराच्या चौकटीत बसला, वीतभर आत. उपसेना. मग बायांनी त्याला मुसळांनी घेतलं. दोन दात पडले, डोकं फुटलं, एक डोळा अजून उघडत नाही म्हणतात. मी थांबवलं. लगेच नाही. थोडा वेळ गेल्यावर थांबवलं.

चौकटीतला कोयता एस्नातने पाय लावून डाव्या हाताने ओढून काढला. कोणाला दिला नाही.

मासौको आता न्खोताकोटाच्या मच्छीमारांत आहे, दुसऱ्याच्या होडीवर. मामाच्या घराच्या जागी सपाट जमीन आहे. मुखियाचा माणूस पुन्हा आला आणि पुन्हा तेच विचारलं, जागेवर कोण. मी एस्नातचं नाव सांगितलं.

"बाई?" तो म्हणाला.

"हो, बाई. नर ठेवून पाहिले. दोन-दोन ठेवून पाहिले."

तो हसला, पण नाव घेऊन गेला. गेल्या रविवारपासून ती जागा तिची. कालच दोघी बहिणींचं भांडण तिच्यासमोर आलं. तिने दोघींना गप्प केलं, आवाज न चढवता.

तेव्हा येऊ का, हे आता मला विचारायचं नाही. मी तिला विचारलं, या पोराला काय कळवायचं? तिने कागद सरळ केला, त्यावर उजवं कोपर टेकवलं. बाहेर वारा, आत मी. मग म्हणाली, "आजी, लिही, अजून नाही." मी म्हटलं, बाई गं, लिहिणारी तू आहेस. तेव्हा हसली, आणि लिहिलं. म्हणून ही पुढची ओळ तिची आहे, माझी नाही:

अजून नाही. मला विचार, माझ्या नावाने. मी सांगेन तेव्हा ये.

मी तुझी रदबदली केली नाही. मनात केली, तोंडाने नाही. मला आता किती दिवस उरलेत ते ती जाणते, आणि तरी अजून नाही म्हणते. बरोबर आहे तिचं. तू आणि तुझा भाऊ, दोघंही बादलीतच राहा. बाकीच्यांना जागा धरू द्या. कोयत्याला तूही हात घातला होतास, मासौकोनेही. पण त्याला धार मी लावली होती, दोघांच्या हातचं खात खात. हे कोणाच्या तोंडून तुला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून एवढं लिहून घेतलं. रागाव. पण पत्र लिही, आणि या वेळी सगळ्यांना वाचता येईल असं लिही.

पिवळे मासे हवे असतील तर साहेबाच्या माणसाकडून पिशवीत भरून मिनिबसने पाठवीन.

तुला अजूनही नवरा म्हणणारी,
आजी नाबांदा
(अंगठा)
लिहिणारी: एस्नात, डावा हात

ता. क. खायला काही पाठवणार असलास तर संत्री नकोत, ऊस नको, कवचाच्या शेंगा नकोत. एका हाताने तिला सोलता येत नाही, आणि सोलून द्या म्हणणारी ती नव्हे. तुमच्याकडचे मोठे शेंगदाणे पाठव, पाच किलो. पिशवीवर नाव माझं नको, तिचं घाल. बाजारातले सोललेले आणू नकोस, ते मला ओळखू येतात. शेंगा आण, आणि एकेक करून तुझ्या दोन्ही हातांनी सोल.