हलतंय म्हणजे मोडलेलं नाही

३ मार्च, संध्याकाळ
मुलगी स्केटिंगला घाबरत होती. म्हणून भाड्याचे स्केट्स स्वतःच्या पायात चढवून करून दाखवलं. पडलो नाही, बसलो. जरा जोरात बसलो आणि उजवा हात टेकला. मनगट दुखतंय. पण बोटं हलतात, मूठ वळते, अंगठाही हलतो. हलतंय म्हणजे मोडलेलं नाही. इतकी वर्षं सलूनमध्ये लोकांच्या माना मोडून देतोय, हाडांतलं मला कुणी शिकवू नये. उद्या दुकान वेळेवर उघडणार.
ही नोंद डाव्या हाताने लिहिली. मेंदू तल्लख होतो म्हणे.

४ मार्च
मनगट किंचित भरल्यासारखं दिसतंय. बायकोने लगेच भावाला बोलावलं. मेहुणा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, तेवढ्यावर निम्मा डॉक्टर झालाय. डोक्यावर चार केस, तेही माझ्याकडून फुकट कापून घेतो. आला आणि अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो त्यात बोट दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. गुदगुल्या झाल्या असं सांगितलं. दाजी, डोळ्यांत पाणी आलंय, म्हणाला. हसून हसून आलं म्हटलं. बोटं हलवून दाखवली, तर म्हणे हाड मोडलं तरी बोटं हलतात, त्यावर जाऊ नका. वा रे वा.

५ मार्च
बायको बोलेनाशी झाली. केवळ घरातल्या शांततेसाठी एक्स-रे काढला. फोटो स्वच्छ! मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण डॉक्टर म्हणाले, तिथलं हाड काजूएवढं असतं, त्याची चीर पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा या, तोवर प्लास्टर. म्हणजे चीर दिसली तरी प्लास्टर, नाही दिसली तरी प्लास्टर. मग फोटो काढला कशाला? हाड जुळलं नाही तर कात्री धरता येणार नाही, असंही घाबरवलं. मी घाबरलो नाही.

७ मार्च
बायकोचं पार्लर शेजारच्याच खोलीत. ते सांभाळून ती माझ्या खुर्चीमागेही उभी राहते. बँकेचे मॅनेजर, माझं जुनं गिऱ्हाईक, तिच्या हाताखाली चक्क डुलकी काढत होते. माझ्याकडे कधी झोपले नाहीत. मी गप्पा मारून जागं ठेवतो, एवढाच फरक.
जाताना म्हणाले, वहिनींचा हात हलका आहे. तेव्हाच ठरवलं, हे प्लास्टर फार दिवस चालणार नाही.

९ मार्च
बाथरूम. कोमट पाण्याची बादली, जुनी कात्री. मुलगी दाराशी. बाबा, डॉक्टरांनी काढायला सांगितलं का, असं तीनतीनदा विचारत होती. माझ्या हाताचा डॉक्टर मीच, म्हटलं. प्लास्टर निघालं. दुखतंय, पण ते प्लास्टरमुळेच.
बायको ओरडेल म्हणून चार उत्तरं तयार ठेवली होती. तिने भिजलेला कचरा उचलला आणि दुकानात गेली. उत्तरं वाया गेली.

११ मार्च
कमबॅक. मॅनेजर आले, त्यांना मुद्दाम माझ्या खुर्चीत बसवलं. कानाला थोडी कात्री लागली. त्यांचा कान मुळातच बाहेर आलेला आहे. उरलेलं निम्मं डोकं बायकोने पुरं केलं.

१७ मार्च
डॉक्टरांकडे जायचा दिवस. गेलो नाही. बऱ्या माणसाने दवाखान्यात गर्दी का करावी? बरणीची झाकणं हल्ली फार घट्ट बनवतात. कपांचे कानही निसरडे.

७ एप्रिल
मुलीच्या शाळेत उद्या वर्गाचा फोटो. तिच्या कपाळावरचे केस पहिल्यापासून मीच कापतो. ती डोळे मिटून बसली. कात्री उचलली, पण अंगठा दाबेना. पुन्हा लावली. पाती अर्ध्यावरच अडकली. तिने डोळे उघडले, कात्री हळूच काढून घेतली आणि म्हणाली, बाबा, राहू दे, मला लांबच आवडतात.
खोटं बोलते. डोळ्यांत जातात म्हणून आठवडाभर मागे लागली होती.
मेहुण्याला फोन केला. केस कापायचे राहिलेत याची आठवण द्यायला. बोलता बोलता हाताचा विषय निघाला.

९ एप्रिल
नवा फोटो. चीर मलाही दिसली, बोट दाखवावं लागलं नाही. हाडाचे दोन तुकडे, मध्ये फट. आता ऑपरेशन, आत स्क्रू, मग पुन्हा प्लास्टर. कात्री पूर्वीसारखी चालेल का विचारलं. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू.
मग त्यांनी विचारलं, प्लास्टर कुणी काढलं. मेहुणा शेजारीच उभा होता. इतक्या दिवसांत अशी संधी त्याला मिळाली नव्हती. तो छताकडे बघत राहिला. काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.
बाहेर आल्यावर पाहिलं, त्याचे केस कॉलरवर आलेत, कानांवर पिसारा. म्हटलं, बहिणीकडून कापून घे. तर म्हणे, ताई विचारत होती, नको म्हटलं. तुमचा हात बरा झाला की तुम्हीच कापा दाजी, तोवर वाढवतो.
चार केस. वाढवून करणार काय हा माणूस?
घरी येऊन बोटं हलवून पाहिली. हलतात. कुणाला सांगितलं नाही.