धक्क्यावर सोडलेली ताई

१३ फेब्रुवारी

चि. सौ. छोटीस,
अ.उ.आ.

रविवारी, ११ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू आणि भाऊजींनी मला बोटीच्या धक्क्यावर दोन बॅगांसकट सोडून दिलंत. वेळेबद्दल वाद घालू नकोस. त्या बेटावर चालू असलेलं एकमेव घड्याळ माझ्या मनगटावर होतं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या भाऊजींसारख्या माणसाने स्वतःच्या घरात एकही ठेवू नये, हे मी आठ दिवस सहन केलं. त्याची तक्रार नाही.

तक्रार अशी, की पाहुणी निघाली आहे, बॅगा धक्क्यावर आणून ठेवल्या आहेत, बोटीला अवकाश आहे, आणि तुम्ही दोघं नेहमीची फेरी मारून येतो असं पुटपुटून, पाठीला पाठ लावून चालते झालात. तू डावीकडून, भाऊजी उजवीकडून. ताई कुठल्या बाजूने येणार, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. कॉन्व्हेंटमध्ये रांगेतल्या शेवटच्या मुलीचा हात धरल्याशिवाय सिस्टर पाऊल उचलत नसत. तूही तिथेच शिकलीस. उपयोग काय झाला, देव जाणे.

मग बोटवाल्याने वाऱ्याचं काहीतरी कारण सांगितलं आणि म्हणाला, आत्ता निघायचं तर निघा, नाहीतर उद्या. मी निघाले. बोट बेटाला वळसा घालून मागच्या बाजूला आली तेव्हा तुम्ही दोघं त्या चपट्या खडकापाशी समोरासमोर पोचला होतात. भाऊजींनी टोपी काढली, तू हात पुढे केलास, जशी काही पहिलीच ओळख होते आहे. रोज हेच करता ते ठाऊक आहे मला. पण त्यानंतर दोघंही हात पसरून गरागरा फिरायला लागलात! मी हलवायला म्हणून रुमाल काढला होता, तो पर्समध्ये परत ठेवला. बहीण गेल्याचा आनंद व्हावा, पण नाचण्याइतका?

एरवी तुमचं कौतुकच करणार होते, तेही लिहून टाकते, म्हणजे हिशेब मिटला. भरतीच्या पाण्यात तुम्ही दोघं उताणे तरंगता आणि वाहून जाऊ नये म्हणून एकमेकांची करंगळी धरून ठेवता. पाठमोऱ्या बसलेल्या पक्ष्याच्या मागे उभं राहून तो उडेल कधी यावर पैज लावता आणि हरलेला भांडी घासतो. आणि ती कादंबरी! दोघांना एकाच वेळी वाचायची म्हणून मधोमध फाडलीत. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला ग्रंथालयाच्या दारातून परत पाठवण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत हे. तरी मी गप्प बसले, कारण भाऊजी शेवट वाचून बसले होते आणि तुझ्या नुसत्या चेहऱ्याकडे बघून तू कुठल्या प्रकरणात आहेस ते ओळखत होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही त्यांनी.

जेवताना तुम्ही फेरीत काय पाहिलं ते एकमेकांना सांगता. बेट केवढं, तर बशीएवढं. त्यात रोज नवीन काय असणार? पण तू सांगत होतीस की खेकड्याने बाटलीचं बूच ओढत नेऊन बिळाच्या तोंडाशी लावलं, आणि भाऊजींचा घास हातातच राहिला. बायकोचं ऐकताना एवढ्या वर्षांनी घास थांबलेला नवरा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. लग्न केलं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या घासाचा मात्र हेवा वाटला.

म्हणूनच सांगते. कायमची राहायला ये असं तुम्ही म्हणालात, मी विचार करते म्हटलं. घरमालकिणीला जागा सोडते की ठेवते हे अठ्ठावीसला सांगायचं आहे. विचार झाला. दोन माणसांच्या फेरीत तिसऱ्याला बाजू नसते. मी जागा ठेवते.

रागावली असली तरी तुझीच,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि.सा.न.वि.वि.

अगं बाई, आम्ही नाचत नव्हतो, भांडत होतो!

झालं असं की मी डावीकडे वळले तेव्हा मागे पावलं वाजली, मला वाटलं ताई ह्यांच्या मागे निघाली. ह्यांना वाटलं तू माझ्याबरोबर आहेस. दोघंही मनातून जरा रुसलो होतो, की ताईने दुसऱ्याची बाजू धरली. खडकापाशी पोचल्यावर ह्यांनी टोपी काढून विचारलं की बाईसाहेबांची थोरली बहीण कुठे आहे, आणि मी तेच विचारायला तोंड उघडलं होतं. मग दोघंही हात पसरून चहूकडे वळून तुला शोधायला लागलो, आणि मी म्हणाले, तुम्ही माझ्या बहिणीला हरवलंत. हे म्हणाले, तुझी बहीण हरवण्यातली नाही, दुसऱ्यांना हरवणारी आहे. तेवढ्यात बोट दिसली. मी घसा फुटेपर्यंत ओरडले, ह्यांनी टोपी इतकी हलवली की ती पाण्यात पडली. आणि तू म्हणे रुमाल पर्समध्ये ठेवलास! त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही एकाच बाजूने घरी आलो, तेही एकमेकांशी न बोलता.

चूक आमची आहे, कान धरते. पण ताई, तू आठ दिवस रोज धक्क्यावर बसून म्हणायचीस की तुम्ही जा, मला इथेच बरं आहे. आम्ही ते खरं मानलं. तू जे बोलतेस ते खरंच असतं असं मानायची सवय तूच लावलीस ना आम्हाला?

मागच्या खोलीची खिडकी मी तू गेल्यावर धुतली. तिथून पाणी दिसतं. पुस्तकाचे तीन भाग करायला मी तयार आहे, मधला तुझा. घरमालकिणीला इतक्यात काही सांगू नकोस. तू तिथे एकटी जेवतेस हे मला इथे घास घेताना आठवतं, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

वेंधळी पण मायाळू,
छोटी


१७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा.न.वि.वि.

तुमच्या बहिणीला न सांगता हे पत्र बोटवाल्याच्या हाती देतो आहे. तिने माझ्याशी बोलणं सुरू केलं आहे, पण टोपी नवी घेईपर्यंत खडकावर ओळख देणार नाही म्हणते.

तुम्ही लिहिलंत की तिसऱ्याला बाजू नसते. मला पटलं, म्हणून बेट पुन्हा नीट पाहिलं. धक्क्यापासून खडकापर्यंत झाडीतून सरळ एक जुनी वाट जाते. काटेरी झुडपांनी बुजली होती. दोन दिवस कोयता चालवला. गुडघ्याला त्रास होईल असा चढ एकच आहे, तिथे दगड बसवले. या वाटेने सावकाश चाललं तरी माणूस आमच्या आधी पोचतं, आणि खडकावर बसून आम्हा दोघांनाही दोन्हीकडून येताना पाहू शकतं. आम्ही एकमेकांना भेटताना कसे दिसतो, हे आजवर आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

घड्याळ आणलंत तरी चालेल. बंद पडलं तर दुरुस्त करून देणार नाही.

आपला,
भाऊजी


२० फेब्रुवारी

चि. सौ. छोटी आणि भाऊजी, दोघांस,
अ.उ.आ.

दोन पत्रं एकाच दिवशी आली. भाऊजी, तुमचं पत्र पोस्टमन दारात उभा असतानाच वाचलं, आणि तो विचारत होता की घरी सगळं बरं आहे ना. मी त्याला म्हटलं, माणसं कोयता घेऊन माझ्यासाठी काटे तोडत आहेत, यापेक्षा बरं ते काय असतं. या वयात माझ्यासाठी कुणी वाट करील असं मला वाटलं नव्हतं. तुमच्यासारखा नवरा मिळायला माझ्या बहिणीने काय पुण्य केलं होतं ते मला माहीत नाही. शाळेत तर तिने काही केलं नव्हतं.

छोटे, मी धक्क्यावर बसून इथेच बरं आहे म्हणायचे, ते तू खरं मानलंस. सख्ख्या बहिणीचा आग्रह करायचा असतो, एवढं कळायला हवं होतं. आणि एकाही पुस्तकाचे तीन भाग होणार नाहीत. फाडलेलं आधी चिकटवायचं, मग माझी पेटी घरात येईल.

तरीही घरमालकिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही, कारण एक गोष्ट दोघांनीही सोयीस्करपणे टाळली आहे. मी आधी पोचेन, खडकावर बसेन, तुम्हाला दोन्हीकडून येताना बघेन, कसे दिसता तेही सांगेन. पण झाडीतून येताना मीही काहीतरी पाहिलेलं असेल. जेवायला बसल्यावर तू भाऊजींना सांगशील, भाऊजी तुला सांगतील. माझं पाहिलेलं ऐकणार कोण? इथे मी ते भिंतीला सांगते. भिंत निदान मधेच कुणाला मीठ मागत नाही.

याचं उत्तर गोड बोलून नको, बोटवाल्याच्या तोंडी निरोपही नको. लेखी हवं, दोघांच्या सह्यांनिशी, आणि सव्वीस फेब्रुवारीच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. सत्तावीसला आलेलं पत्र मी उघडणार नाही.

वाट बघत,
ताई