दसऱ्यापर्यंत गाडी गोठ्यात

८ जून, रविवार
गाडी आज गोठ्यात गेली. अण्णांनी स्वतःच रिव्हर्स घेतली, मी पुढे उभी राहून "उजवीकडे, अजून उजवीकडे" ओरडत होते. बैल गेल्यापासून गोठा रिकामाच होता. आता तिथे दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार. हसू आलं. जमीन विकल्यावर गावातल्या बाकीच्यांनी बंगले बांधले, माझ्या बापाने सत्तरीत ही सेकंडहँड घेतली.

त्यांना सांगितलंय, पावसात चौक गावापासून पुढे नुसते खड्डे, खालापूरकडे पाणी साचतं, वीतभर उंचीची गाडी बुडेल. दसऱ्याला काढू. म्हणाले, "तीस वर्सं एसटी चालवली मी घाटात. पावसाची डेपोत झाकून ठेवली व्हती का? गाडी बारा म्हैने चालली पायजे. बसली का मेली." पण ऐकलं. माझं ऐकतात. तेच खातं मला.

खरं कारण इथे तरी लिहून ठेवते. मे महिन्यात चौकच्या वळणावर डाव्या बाजूने एक बाई हंडा घेऊन चालली होती. मला लांबून दिसत होती. अण्णांना दिसलीच नाही. मी किंचाळले, ती गटारात पडली, खरचटण्यावर निभावलं. अण्णा म्हणाले, अचानक आली. अचानक नव्हती आली. मग पनवेलला डोळ्यांचे डॉक्टर. अण्णा औषधाच्या रांगेत होते तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं : काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. गाडी चालवणं बंद.

अण्णांना मी सांगितलं, "थेंब घाला, बरं वाटेल."

रात्रीचे थेंब घातले.

९ जून
ओल लागू नये म्हणून गाडीखाली पेंढा पसरला. चांगला हातभर. आई धान्याच्या कणगीखाली घालायची तसा. अण्णा दारात उभे राहून बघत होते. "उंदरांना गादी घातलीस, बाय."
थेंब दोन्ही वेळा.

१३ जून
सकाळी अण्णा किल्ली मागायला लागले. "भायेर नाय काढत. नुसती चालू करून बघतो." दुसरी किल्ली त्यांनी कधीच हरवली, एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये. चालू झाली की गोठ्यात थांबणार आहेत का ते!

देते म्हटलं, संध्याकाळी. ते नाक्यावर पेपर आणायला गेले तेवढ्यात पाना घेऊन बॅटरीची काळी वायर काढली. कशी काढायची ते चौकच्या रऊफभाई मिस्त्रीने फोनवर सांगितलं. त्याला वाटलं, गाडी ठेवायची म्हणून काढतेय. हात काळे झाले ते भांड्यांच्या साबणाने धुतले.

संध्याकाळी अण्णांनी किल्ली फिरवली. काहीच नाही. मी म्हटलं, "उंदरांनी वायर खाल्ली असेल. रऊफभाईला विचारते." आणि अंगणात जाऊन कुणाशीही न बोलता फोन कानाला लावून उभी राहिले! आत येऊन सांगितलं, त्याला वेळ नाही, दसऱ्याच्या आधी येईल.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेंढ्यात उंदीर येनारच."

जेवले नीट. मीच जेवले नाही.

१६ जून
शाळा सुरू. कर्जतची सकाळची एसटी मिळाली. वर्गात पहिल्याच दिवशी एका पोराला खोटं बोलला म्हणून उभं केलं. नंतर बसवलं.
थेंब.

२९ जून, रवि.
अण्णा दिवसभर ओटीवर. बोलत नाहीत फारसं. पूर्वी रविवारी आम्ही दोघं शिळफाट्यापर्यंत वडे खायला जायचो, छत उघडं टाकून. मी डोक्याला ओढणी बांधायचे आणि लोक बघायचे. मला लाज वाटायची. आवडायचंही.

पुण्याला दादाला फोन. तो म्हणतो विकून टाक. म्हटलं, तू येऊन सांग त्यांना. मग त्याला मीटिंग आली.

१३ जुलै
गोठ्यात गेले तर गाडीखालचा पेंढा गायब. अण्णा म्हणाले, शेजाऱ्यांच्या म्हशीला दिला. विचारायचं तरी मला. नंतर वाटलं, कुठल्या तोंडाने रागावतेय मी.
थेंब सकाळचे राहिले. संध्याकाळी घातले.

३ ऑगस्ट
अण्णांचं चालणं मंदावलंय. आज उंबऱ्याला अडखळले. गाडी होती तेव्हा रोज सकाळी पुसायचे, दुपारी चौकला चक्कर, रऊफभाईकडे चहा. आता चहासुद्धा ओटीवर. म्हटलं, मी स्कूटीवर नेते. म्हणाले, "मागं बसून जाऊ व्हय चौकात?"

मी त्यांचा जीव वाचवतेय की काढून घेतेय ते मला कळत नाही. त्या बाईचा हंडा आठवते आणि मन घट्ट करते. दोन तास टिकतं.

२४ ऑगस्ट, रवि.
गणपती तीन दिवसांवर. भिंतींना आणि गोठ्याच्या खांबांना चुना मारला. डावा खांब वाकलाय, त्याला जास्तच थापला. अण्णा खुर्ची टाकून सूचना देत होते. "दसऱ्याला हितून निघंल तेवा कशी दिसंल!" असं म्हणाले. मी ब्रश बादलीत ठेवला आणि विहिरीवर जाऊन आले.

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. अण्णांनी आरतीला झांजा वाजवल्या. देवापुढे काय मागितलं ते लिहीत नाही.

२१ सप्टें., रवि.
नवरात्र उद्यापासून. अण्णांनी आजपासूनच दिवस मोजायला घेतलेत. खिळ्याला लटकवलेल्या कॅलेंडरवर दसऱ्याभोवती पेनाने गोल.
थेंब दोन्ही वेळा.

२८ सप्टें., रवि.
आज जे झालं ते नीट लिहिते.

रऊफभाईला मीच बोलावलं. बेत असा, की त्याने वायर लावल्यासारखं करायचं आणि मग म्हणायचं, इंजिनात मोठा बिघाड आहे, दिवाळीपर्यंत होणार नाही. गोठ्यात त्याला हे सगळं हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरांचंही सांगितलं. रडलेही थोडी. अण्णा बाहेर ओटीवर होते.

रऊफभाईने बॉनेट उघडून बॅटरीला मीटर लावला, चाकांकडे वाकून बघितलं. मग म्हणाला, "ताई, ही गाडी बंद नाय हाय."

"म्हणजे?"

"बॅटरी फुल हाय. चार म्हैने उभ्या गाडीची अशी ऱ्हाती का? टायर बघा, एका जागी बसलेले नाय. हप्त्याला एकदा तरी चालू करून मागंपुढं करतंय कुनीतरी." इंजिनाच्या कडेने हात घालून त्याने एक पुडी काढली. तंबाखूची पानं. "ही उंदरांसाठी. जुने ड्रायवर ठेवतात."

काळी वायर मात्र सुटीच. मी ठेवली होती तशीच, बाजूला वळवून.

तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी वायर काढून फसवत होते. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. हरवलेली किल्लीही हरवलेली नव्हती. मी शाळेत गेले की वायर जोडायची, गाडी चालू करायची, मी यायच्या आत पुन्हा काढून ठेवायची. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. चार महिने. कुठल्याही दुपारी काढून खोपोलीला जाऊन आले असते, मला कळलं नसतं. गेले नाहीत.

का गेले नाहीत, ते रऊफभाई निघता निघता दिसलं. त्याने डाव्या आरशावर बोट फिरवून मला दाखवलं. आरशाची कड घासलेली, तिच्यावर पांढरा चुना.

रऊफभाईने पैसे घेतले नाहीत. अण्णांना एवढंच म्हणाला, "गाडी एकदम टकाटक, चाचा." अण्णा म्हणाले, "मंग. आपली हाय."

थेंब घालताना पहिला गालावर पडला. त्यांनी माझं मनगट धरून बाटली सरळ केली.

३० सप्टें.
दादा फोनवर : "डॉक्टरवर ढकल ना सगळं." ढकलायचं काय त्यात, डॉक्टरांनीच सांगितलंय. मी सांगितलं नाही, एवढंच माझं.

दोनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले. एकदा भाजीचं विचारलं, एकदा लाइट बिलाचं.

२ ऑक्टोबर, दसरा
अण्णा पहाटे उठून गाडी धुवून तयार. चुन्याचा डाग पुसलेला नाही. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ फोडला. मग एकेका चाकाखाली एकेक लिंबू स्वतः वाकून ठेवलं. पूजा झाली की गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची, तेव्हाच ती बाहेर पडते. मला गाडी येत नाही. हे त्यांना माहीत आहे.

किल्ली मी पर्समधून काढून त्यांच्यासमोर धरली. घेतली नाही. वळसा घालून गेले आणि ड्रायव्हरच्या नाही, डावीकडच्या सीटवर बसले. माझ्या.

म्हणाले, "डावा खांब दिसला नाय मला, बाय. आपलाच खांब. जल्मापासून हाय थितं."

मी किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"पनवेलला डॉक्टर तुला भायेर घेऊन गेला. मी औषधाच्या लायनीतून बघत व्हतो. चार म्हैने वाट बघतोय, तू आज बोलशील, उद्या बोलशील. आधी सांग तो काय बोलला. मंग बघू लिंबं कोन चिरडतो ते."

तोंड उघडलं आणि म्हटलं, "थेंब राहिलेत सकाळचे, बाटली घेऊन येते."

आत येऊन हे लिहितेय. बाटली समोरच आहे. खिडकीतून त्यांचं डोकं दिसतंय, टोपी घालून सरळ बसलेत. छत त्यांनी उघडलंय.

जाते.